ट्रू अधिक ट्रू

काल माझी कोडची एक ओळ रिव्ह्यूमधून, म्हणजे तपासणीतून, परत आली. नगांच्या रकान्यात आलेली व्हॅल्यू इंट, म्हणजे पूर्णांक, आहे ना आणि बूल, म्हणजे नुसतं ट्रू किंवा फॉल्स (हो किंवा नाही), नाही ना, एवढंच ती बघत होती. कारण पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रकार तपासणाऱ्या इझइन्स्टन्सला ‘ट्रू हा इंट आहे का’ असं विचारलं की तो बेधडक हो म्हणतो. पाचऐवजी ट्रू आला तर तो एक धरला जातो आणि ऑर्डर गुपचूप एका नगाची लागते. एरर नाही, काही नाही.

सीनियरना बूलचा भाग खटकला.

“हे कशाला?”

“ट्रू आत शिरू नये म्हणून, सर.”

“अरे, पण ट्रू नंबरच आहे.”

“किती नग हवेत, याचं उत्तर ‘हो’ कसं असेल?”

“ट्रू अधिक ट्रू करून बघ. दोन येतात.”

येतात हो! तेच तर दुखणं आहे! पण त्यांनी स्क्रीन शेअर करून बेरीज करूनच दाखवली. मग गुणाकार. मग ट्रूला सातने भागलं. शेवटी लिस्टला इंडेक्स, म्हणजे जागेचा क्रमांक, म्हणून ट्रू दिला, दुसरा आयटम हजर झाला (मोजणी शून्यापासून असते) आणि कॉलवरून कुणीतरी ‘वा!’ म्हणालं. माझ्या तक्रारीचा पुरावा माझ्याच विरोधात सादर होत होता. “बदकासारखं चालतं, बदकासारखं ओरडतं,” सर म्हणाले, “मग त्याचा जन्मदाखला कशाला मागतोस?”

ट्रू नंबर असण्याचं खरं कारण इतकं तात्त्विक नाही. पूर्वी पायथनमध्ये हो-नाहीसाठी लोक शून्य-एकवरच भागवायचे. २००३ साली २.३ आवृत्तीत बूल आला तेव्हा जुना कोड मोडू नये म्हणून त्याला इंटचा सबक्लास, म्हणजे पोटप्रकार, केलं. जावास्क्रिप्ट या वेबच्या भाषेतही प्रकार सांगणारा टाइपऑफ नलला, म्हणजे ‘काहीच नाही’ला, १९९५पासून ‘ऑब्जेक्ट’ म्हणतोय. दुरुस्तीचा प्रस्ताव आला, पण जुनी संकेतस्थळं बिघडतील म्हणून बारगळला. सोय जुन्यांची झाली, निस्तरायचं आम्ही, आणि वर बदकाचं प्रवचनही ऐकायचं.

“टाइप हिंट लाव की,” सर म्हणाले.

“हिंट म्हणजे प्रकाराची नुसती नोंद. कोड चालताना पायथन ती तपासत नाही, सर.”

“मग कॉमेंट लिही.”

लिहिली: ‘कृपया इथे ट्रू पाठवू नये.’ बूलची तपासणी काढून टाकली. रिव्ह्यू लगेच मंजूर झाला. फक्त ‘कृपया’ची गरज नाही म्हणाले.