सहावीतला रोबोट आणि पाचवीतली भाषा

गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गोव्यात डिचोलीला घरी गेलो होतो. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधून झाल्यावर सहावीत शिकणाऱ्या भाच्याने आपली संगणकाची वही आणून दाखवली. चौकोन काढण्याचा प्रोग्राम तिच्यात समास सोडून सुवाच्य अक्षरात उतरवलेला होता: रिपीट 4, मूव्ह 100, टर्न 90. तो त्याने मला पाठ म्हणूनही दाखवला. "रिपीट म्हणजे काय रे?" असे विचारल्यावर तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, "मामा, ते तसेच लिहायचे असते." शाळेत रोबोटिक्सचे किट आले आहे, पण मोडले तर भरपाई कोणी करायची या धास्तीने ते कपाटात कुलूपबंद असते, हेही त्याच्याकडूनच कळले.

सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची योजना गोवा सरकारने 2021 मध्ये आणली. तिच्यामागचा हेतू चांगला होता आणि आजही आहे. आता घरच्या मंडळींशी फोनवर बोलताना दोन सूर ऐकू येतात. कृत्रिम बुद्धिमत्ता प्राथमिक शाळेपासूनच शिकवली नाही तर आपली मुले मागे पडतील, असे काहींना वाटते. मुलांच्या हातातला मोबाइल आधी काढून घ्या, ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमे बंद केली तसे गोव्यातही करा, असे इतरांचे म्हणणे असते. वाद सगळा यंत्र द्यावे की काढून घ्यावे याचा आहे. पोर्तुगालमध्ये लिस्बनला राहून आणि मुलीला येथल्या सरकारी शाळेत घालून मला जे दिसले, त्यावरून आपली खरी अडचण यंत्राच्या अलीकडेच कुठेतरी आहे असे माझे मत झाले आहे.

यंत्र देण्याचा अनुभव गोव्याला नवा नाही. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना सायबरएज योजनेतून अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोचले. आमच्या वसरीत आलेल्या त्या अवजड संगणकावर आईने भरतकाम केलेले कापड घातले होते, आणि पावसाळ्यात वीज लपंडाव खेळू लागली की त्याची वायर काढून ठेवणे हे माझे रोजचे काम असे. मी त्याच्यावर टंकलेखन शिकलो, पत्ते खेळलो, आणि थोडेफार आणखी काही शिकलो ते शेजारच्या एका दादाच्या कृपेने. पोर्तुगालने 2008 मध्ये असाच प्रयोग प्राथमिक शाळेतल्या मुलांवर केला. जगप्रदक्षिणेला निघालेल्या दर्यावर्दी मागेल्यानचे नाव दिलेला छोटा लॅपटॉप जास्तीत जास्त 50 युरोत आणि गरीब घरांना फुकट मिळे. माझ्या पोर्तुगीज सहकाऱ्यांना त्या लॅपटॉपवरचे खेळ अजून आठवतात. त्याच्यावर कोणता धडा शिकलो हे मात्र त्यांच्यापैकी एकालाही सांगता येत नाही. महासाथीच्या काळात, 2020 पासून, येथे पुन्हा लॅपटॉप वाटले गेले, आणि आता 2025 च्या सप्टेंबरपासून सहावीपर्यंतच्या मुलांना शाळेत स्मार्टफोन वापरायला बंदी आहे. म्हणजे ज्या देशाने शाळकरी मुलांच्या हातात दोनदा यंत्रे दिली, त्यानेच आता त्यांच्या हातातला फोन काढून घेतला. मला यात विसंगती वाटत नाही, कारण संगणकाचा तास पाचवीपासून वेळापत्रकात आहे आणि तो फोनवर अवलंबून नाही.

मात्र येथे सगळे आलबेल आहे असे समजू नये. लिस्बन परिसरात शिक्षकांचा तुटवडा जुना आहे. मुलीच्या वर्गात एका वर्षी संगणकाचे शिक्षक दोन महिने आलेच नाहीत, आणि त्या काळात शाळेतल्या सगळ्या लॅपटॉपचा मिळून उपयोग शून्य होता.

खरा फरक मला दिसला तो भाषेच्या बाबतीत. मुलगी येथे थेट पाचवीत आली तेव्हा तिला पोर्तुगीजचा गंधही नव्हता. शाळेने तिची भाषेची पातळी तपासली आणि पोर्तुगीज ही ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठी असलेल्या वेगळ्या तासांना तिला बसवले. शाळेची भाषा परकी असली की मुलाला वेगळा वेळ आणि वेगळा शिक्षक लागतो, हे येथे गृहीतच धरलेले आहे. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून शिकलेले मूल पाचवीत गेले की जवळजवळ सर्वत्र इंग्रजी माध्यमात जाऊन पडते. मे महिन्याची सुटी हाच काय तो मधला पूल. गणित, विज्ञान, भूगोल यांचे सगळे शब्द एकदम बदलतात, त्यांची ओळख पटते न पटते तोच सहावीत इंग्रजी आज्ञांचा कोडिंगचा तास समोर उभा राहतो, आणि ज्याला 'पुन्हा कर' हे कळत नाही ते मूल 'रिपीट' पाठ करते. यात दोष ना मुलाचा, ना एका हाताने तीन वर्ग आणि दुसऱ्या हाताने निवडणुकीची कामे सांभाळणाऱ्या शिक्षकांचा.

मराठीतून शिकवून संगणक येईल काय, असे काही पालक विचारतात. प्राथमिक शाळेचे माध्यम मराठी-कोकणी असावे की इंग्रजी यावरून 2011 पासून गोव्यात जे रण माजले, त्याची आठवण असलेल्यांना हा प्रश्न चुलीत पुन्हा फुंकर घालण्यासारखा वाटेल. मी इंग्रजीच्या विरोधात नाही. माझी रोजीरोटी तिच्यावरच चालते. परंतु 2020 चे राष्ट्रीय शिक्षण धोरण किमान पाचवीपर्यंत, आणि शक्य तर आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हणते. माध्यमाचा मोठा वाद सुटेपर्यंत थांबायचीही गरज नाही. पाचवीचे पहिले सहा महिने भाषेच्या जादा तासांना द्यावेत, संगणकाच्या शिक्षकाने आज्ञा आधी मराठी-कोकणीत समजावून मग इंग्रजी शब्द फळ्यावर लिहावा, आणि मोडलेल्या किटचा जाब शिक्षकाला विचारू नये, एवढ्याला कोणत्याही नव्या निविदेची आवश्यकता नाही.

परत आल्यावर एका रविवारी भाचा आणि माझी मुलगी व्हिडिओ कॉलवर भेटले. तो आपल्या बाबांच्या मोबाइलवर होता. मुलीने त्याला मराठीत सांगितले की रिपीट म्हणजे तेच तेच पुन्हा करायचे, आणि मग विचारले की त्रिकोण काढायचा तर काय बदलशील. त्याने 4 चे 3 केले. पडद्यावर एक बाजू उघडी राहिलेला चौकोन उमटला आणि दोघेही खो खो हसले. पुढची पंधरा मिनिटे तो एकटाच वळणाच्या 90 अंशांच्या जागी निरनिराळे आकडे घालत बसला. 100 घातल्यावर रेघ जवळ आली, पण जुळली नाही. 120 वर त्रिकोण मिटला तेव्हा तो एवढ्या मोठ्याने ओरडला की काय मोडले म्हणून आतून माझी बहीण धावत आली.