तुम्ही आणलेलं ऑइल का घातलं नाही: दोन स्टारच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

मोटरसायकलच्या सर्व्हिसिंगबद्दल आमच्या गॅरेजवर केलेली तुमची तक्रार नीट वाचली. तुमच्या बोलण्यातले मुद्दे असे: तुम्ही आणलेला महागाचा डबा बाजूला ठेवून आम्ही आमचं ऑइल घातलं, गोवा, गोकर्ण, मंगळूर करून परत येईपर्यंत अकराशे किलोमीटरमध्ये ते काळं पडलं आणि पातळी बघायच्या काचेत दिसेनासं झालं, म्हणून वाटेत तीनशे मिली घालावं लागलं, साध्या ऑइल बदलायला गाडी रात्रभर ठेवून घेतली, आणि जुनं ऑइल मागितलं तर दिलं नाही. ही तक्रार बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे बरेच रायडर वाचतील, आणि त्यांच्या गाड्याही आता सत्तर-ऐंशी हजार किलोमीटरच्या पुढे गेल्यात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी डब्याचं. तुम्ही आणलं होतं ते ५ डब्ल्यू-३० ग्रेडचं, कारसाठीचं फुल सिंथेटिक. ऑइल उत्तमच होतं, पण कारच्या इंजिनासाठी. कारमध्ये इंजिनाचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं आणि क्लच कोरडा. तुमच्या मोटरसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा, तिन्ही एकाच ऑइलात भिजतात. कारच्या पातळ ऑइलात पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात. तुमच्या डब्यामागच्या गोल शिक्क्यात खालच्या बाजूला ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असं छापलेलं होतं, ते मी तुम्हाला काउंटरवर दाखवलं होतं. क्लच प्लेटांना तर घर्षणच लागतं. ते कमी झालं की प्लेटा घसरू शकतात. गावात कळत नाही. केरीहून चोर्ल्याचा घाट चढताना, मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना सामान असताना, चौथ्या गिअरात इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र पुढे जात नाही, तेव्हा कळतं. त्या वळणांवर ती वेळ कुणावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच मोटरसायकलच्या ऑइलाला ‘जासो’ या जपानी वाहन-मानक संस्थेची वेगळी खूण असते. हे मानक १९९८ पासूनचं आहे. ओल्या क्लचला एमए, त्यात एमए२ जास्त पकड देणारं. एमबी हे कमी घर्षणाचं, ते ओला क्लच नसलेल्या गिअरलेस स्कूटरसाठी. डब्याच्या मागच्या बाजूला छोट्या चौकटीत हे छापलेलं असतं. विकत घेताना पुढचं चित्र बघू नका, ती चौकट बघा.

दुसरं, ग्रेड. तुमच्या गाडीच्या पुस्तकात १५ डब्ल्यू-५० लिहिलंय. मागचा आकडा म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं ते. ३० ग्रेड त्या तापमानाला साधारण ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या (दाटपणा मोजायचं एकक) दरम्यान असतं, ५० ग्रेड १६.३ ते २१.९ च्या दरम्यान. हा फरक लहान नाही बघा. तुमचं इंजिन हवेवर थंड होणारं, सिंगल सिलिंडर, त्यात अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटर रनिंग झालेलं. आतल्या फटी थोड्या वाढलेल्या असणारच. त्यात गिअरचे दात ऑइलातल्या दाटपणा टिकवणाऱ्या पॉलिमरचे तुकडे करत राहतात, त्यामुळे ५० चं ऑइलसुद्धा वापरता वापरता पातळ होतं. सुरुवातच ३० ने केली तर काही हजार किलोमीटरनंतर बेअरिंगवर काय उरणार?

आणि नफ्यासाठी आमचं ऑइल खपवलं म्हणालात, ते मला मान्य नाही. गिऱ्हाईक स्वतःचं ऑइल घेऊन आलं की आम्ही तेच घालतो आणि फक्त मजुरी घेतो. ग्रेड पुस्तकातली हवी आणि एमए किंवा एमए२ ची खूण हवी, एवढंच आमचं म्हणणं. फुल सिंथेटिक १५ डब्ल्यू-५०, एमए२ आणलं असतंत तर आनंदाने घातलं असतं. तुमचा सीलबंद डबा तुम्हाला परत दिलाय, घरच्या कारसाठी पुस्तकात तीच ग्रेड असेल तर तिथे वापरा.

आता काळं पडण्याचं. ऑइल काळं होणं म्हणजे खराब होणं नव्हे. त्यात घातलेली साफ करणारी द्रव्यं आतली काजळी सोडवून आपल्यात धरून ठेवतात, ती खाली बसू देत नाहीत. शिवाय ऑइल काढलं तरी क्लचमध्ये, नळ्यांत, कोपऱ्यांत जुनं थोडं राहतंच, आणि रनिंग झालेल्या इंजिनात रिंगांच्या बाजूने जळका वायू खाली उतरतो. त्यामुळे अशा गाडीत ऑइल लवकर काळं होतं. मला काळजी वाटते ती ताकासारखं पांढुरकं झालं तर, म्हणजे पाणी शिरलं. पेट्रोलचा वास आला तर. किंवा बोटावर चोळल्यावर चकाकणारे किस लागले तर. तुमच्या जुन्या ऑइलात यातलं काही नव्हतं. ड्रेन नटच्या चुंबकावर करडी मऊ पेस्ट होती. इतक्या रनिंगला ती असतेच.

पातळीचं मात्र मी गंभीरपणे घेतो. तुम्ही टाकलेला फोटो गाडी साइड स्टँडवर असतानाचा आहे. काच उजव्या बाजूला आणि गाडी डावीकडे कललेली, म्हणजे ऑइल काचेपासून लांब पळणार. सपाट जागा, गाडी मेन स्टँडवर सरळ, इंजिन चार-पाच मिनिटं चालवून बंद केलेलं आणि त्यानंतर थोडी वाट बघून घेतलेलं माप, हेच खरं. आमच्याकडून गाडी सोडताना असंच माप घेऊन काचेचा फोटो तुमच्या फोनवर पाठवला होता, तो उघडून बघा. त्यात ऑइल वरच्या खुणेच्या किंचित खाली आहे. आम्ही मुद्दाम काठोकाठ भरत नाही. जास्त झालं की ते फेसाळतं आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं. तुम्ही वाटेत साइड स्टँडवर बघून तीनशे मिली घातलं असेल तर आत्ता ते जास्तही झालेलं असू शकेल. आधी सरळ उभी करून बघा, आणि एअर बॉक्सच्या खालच्या नळीत ऑइल साचलंय का तेही बघा.

पण समजा खरोखर तीनशे मिली गेलं. मग त्याचं कारण ऑइलाच्या कंपनीत शोधून उपयोग नाही. हजार किलोमीटरला शे-दीडशे मिली गेलं तर या वयाच्या गाडीत मी फक्त नोंद ठेवायला सांगतो. तीनशे म्हणजे इंजिन ऑइल खायला लागलंय. सकाळी पहिल्यांदा चालू करताना किंवा उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावर निळा धूर आला तर संशय व्हॉल्व्ह सील आणि गाइडवर. जोरात पिकअप घेताना सतत निळा धूर आला तर पिस्टन रिंगवर. म्हणून मी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायची तपासणी सुचवली होती, तिला तुम्ही ‘बिल वाढवायचा धंदा’ म्हणालात. प्लग काढून गेज लावायचा, आकडा घ्यायचा, मग सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा घ्यायचा. दुसऱ्यांदा आकडा चढला तर रिंग गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्हकडे बघायचं. इंजिन न खोलता एवढं कळतं. सीलचं काम आणि रिंग-बोअरचं काम यांच्या खर्चात फार अंतर आहे, ते आधी कळावं म्हणूनच सांगितलं होतं.

गाडी रात्रभर ठेवली ती टॅपेटसाठी (व्हॉल्व्ह दाबणारा भाग आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट तपासायला), आणि जॉब कार्डवर तुमच्या सहीने तसं लिहिलंय. तुम्ही दुपारी तवंदी घाटातून, हायवेने तापलेली गाडी घेऊन आलात. टॅपेटची फट इंजिन पूर्ण गार असतानाच मोजतात. सकाळी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावला तर एक्झॉस्टची फट मापापेक्षा कमी निघाली. टॅपेट वाजायला लागला की लोक धावत येतात, पण आवाज न करणारा घट्ट टॅपेट जास्त घातक, कारण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, सीटकडे उष्णता देत नाही आणि जळतो. त्या रात्रीचे आम्ही वेगळे पैसे घेतलेले नाहीत.

जुनं ऑइल चेनला लावायला हवं होतं असं तुम्ही म्हणालात. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं, ते आम्ही नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच देतो. शिवाय त्यातला बारीक किस चेनच्या रोलरला खातो. चेनला ८०-९० चं गिअर ऑइल लावा, आणि जांबोटी-कणकुंबीच्या पावसातून आलात तर त्याच संध्याकाळी पुसून लावा.

आता असं करा. वर सांगितल्याप्रमाणे पातळी बघून फोटो काढा, त्या दिवसाचे किलोमीटर लिहून ठेवा. पाचशे किलोमीटर चालवून पुन्हा तसंच बघा, किती घालावं लागलं ते मापाच्या भांड्याने मोजून लिहा. मग रविवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी बेळगावच्या उद्यमबागेत, आमच्या गॅरेजात या. येण्याच्या आदल्या रात्री गाडी बेळगावातच कुणाकडे लावता आली तर बरं, म्हणजे इंजिन गार मिळेल. कॉम्प्रेशन टेस्टचे पैसे घेणार नाही आणि दोन्ही आकडे तुमच्या समोर जॉब कार्डवर लिहीन. ते घेऊन काम दुसऱ्या गॅरेजात करायचं ठरवलंत तरी माझी हरकत नाही. तोपर्यंत पाचव्या गिअरात ताशी ऐंशीच्या वर सतत ताणू नका, आणि सोबत अर्धा लिटर १५ डब्ल्यू-५०, एमए२ चा डबा ठेवा.