ताप नाही म्हणजे कोविड नाही? त्या मेसेजला उत्तर

कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापूरच्या मावशीनं परवा एक मेसेज पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. "काकांना दवाखान्यात न्यायचंच नाही म्हणालेत की गं यात. खरं काय?" काकांना डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू कमी होत जाण्याचा आजार आहे. हा मेसेज 2021 च्या दुसऱ्या लाटेपासून फिरतोय, आणि कोविडची बातमी आली की नव्यानं फिरायला लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: विसराळू म्हाताऱ्याला ताप-खोकला नसेल तर कोविड नाही, बडबड वाढली तर तो विसरण्याच्या आजाराचाच भाग, झोपेची गोळी द्या आणि खोलीत ठेवा, अशांना दवाखान्यात कुणी विचारत नाही, लस दिली तर उरलीसुरली आठवण जाते, आणि मिरज-कोल्हापूरला न्यायचं म्हटलं तर राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर सोडत नाहीत. खाली 'मोठ्या डॉक्टरांचा सल्ला' असं लिहिलंय. डॉक्टरांचं नाव कुठंच नाही.

यातला पहिला मुद्दा माणूस मारणारा आहे, म्हणून त्यावरच जास्त बोलते.

म्हाताऱ्या माणसाला संसर्ग झाला की कधी कधी पहिला फटका मेंदूला बसतो. काल संध्याकाळपर्यंत ठीक असलेला माणूस आज सकाळी माणसं ओळखेना, हवेत हात मारायला लागला, नाहीतर नुसता गुंगीत पडून राहिला. डॉक्टर याला डेलिरियम म्हणतात, आणि डिमेन्शिया असलेल्यांना तो चटकन होतो. नोव्हेंबर 2020 मध्ये 'जामा नेटवर्क ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या सात आपत्कालीन विभागांचा अभ्यास छापून आला. त्यात 65 आणि त्यापुढच्या वयाचे 817 कोविड रुग्ण होते. दवाखान्यात आले तेव्हाच त्यातल्या 28 टक्क्यांना डेलिरियम होता. आणि या डेलिरियमवाल्यांपैकी 37 टक्के जणांना ताप, धाप असं नेहमीचं एकही लक्षण नव्हतं. मेसेज लिहिणाऱ्याच्या हिशेबानं ही सगळी माणसं घरी झोपवून ठेवायची होती.

डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो, एका रात्रीत वाढत नाही. रात्रीत फरक पडला तर कारण शोधायचं: कोविड, लघवीचा संसर्ग, लघवी तुंबणं, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, ऑक्सिजन उतरणं. घरात बघायची खूण सोपी आहे. कालच्यापेक्षा आज लक्ष लागत नाही का? दिवसभरात कधी बरं, कधी एकदम भ्रमिष्ट असं होतंय का? आरडाओरडा करणारा माणूस तरी नजरेत येतो. गप्प पडलेला, घास तोंडात तसाच धरून बसलेला सुटतो, "आज शांत आहेत" म्हणून घरचे सुस्कारा सोडतात. त्याच्याकडे आधी बघा. बोटाला ऑक्सिमीटर लावा, बोट गार असेल तर आधी चोळून गरम करा. 94 च्या खाली आकडा दिसला तर थांबू नका, 108 ला फोन करा. आकडा चांगला आला तरी अचानक पडलेला फरक डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचाच.

आणि ती झोपेची गोळी! ऑक्सिजन उतरत असलेल्या माणसाला गुंगीची गोळी म्हणजे श्वास आणखी मंद, भ्रम आणखी जास्त, आणि उठताना तोल गेला तर खुब्याचं हाड मोडलेलं. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ही गोळी कुणी द्यायची नाही. शेजारच्या घरातल्या चिठ्ठीवरची तर नाहीच नाही. खोलीला कडी घालून ठेवण्याबद्दल मी काही लिहीतच नाही, ज्यानं सुचवलं त्यानं स्वतःच्या आईकडे बघून सांगावं.

दवाखान्यात विचारत नाहीत, यात थोडं खरं आहे, हे कबूल करायला लागतं. कोविड वॉर्डात नातेवाइकाला आत सोडत नव्हते. ज्याला आपण कुठं आहोत हेच कळत नाही, तो एकटा पडला की मास्क ओढून काढतो, सलाईन उपसतो, मग त्याला 'त्रास देणारा पेशंट' म्हणतात. आपल्या भागात त्यात भाषेची भर. जन्मभर बाजारात कन्नड बोललेला माणूसही या आजारात पुष्कळदा मराठीवरच येतो, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला मराठी येतंच असं नाही. तो पाणी मागतोय हेही कळत नाही. पण यावरून दवाखान्यातच जाऊ नका म्हणणं चूक आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात कलम 20 आहे: सरकारी दवाखान्यात त्यांना शक्य तितक्या खाटा द्यायच्या, रांग वेगळी ठेवायची. हे दाखवून बोला. सोबत एक माणूस ठेवू द्या अशी मागणी लेखी द्या. आणि एक कागद मराठीत-कन्नडमध्ये लिहून केसपेपरला टाचा: हाक काय मारायची, ऐकू कुठल्या कानानं येतं, चष्मा-कवळी आहे का, दुखलं तर काय करतात, गोळ्या कुठल्या चालू आहेत. मावशीनं लिहिलाय तसा: "तात्या म्हटलं की वळून बघतात. पाणी पाहिजे असलं की ओठांवरून हात फिरवतात." अशा दोन ओळींनी सिस्टरचं काम सोपं होतं.

लसीनं आठवण जाते, याला काही आधार नाही. 1 मार्च 2021 पासून साठीपुढच्यांना लस सुरू झाली. डिमेन्शिया असलेल्यांना ती देऊ नका असं सरकारनं कधी म्हटलं नाही. आधीच्या डोसची तीव्र ॲलर्जी आली असेल तर लस देत नाहीत, पण ते कारण वेगळं. उलट सप्टेंबर 2021 मध्ये घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना घरी जाऊन लस द्यायची परवानगी केंद्रानं दिली होती.

राहिला नाका. 2021 मध्ये निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर कर्नाटकात येताना कोविडच्या आरटीपीसीआर चाचणीचा रिपोर्ट मागत होते, गाड्या परत पाठवत होते, हे खरं. पण उपचारासारख्या तातडीच्या कारणाला कर्नाटकच्या त्या आदेशांत सूट होती. तो नियम तेव्हाचा, कोविडच्या काळातला. आज त्याच्या नावावर कुणाला घरी बसवून ठेवू नका. ज्या ग्रुपवर हा मेसेज आला असेल तिथं हे उत्तर टाका, आणि ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना फोन करून सांगा, कारण मेसेज वाचायला त्यांना वेळ नसतो.