मंदी आली की गुन्हे वाढतात म्हणे? आयोवाचं उदाहरण नीट बघा

सध्या एक दावा जोरात शेअर होतोय, की मंदी आली की गुन्हेगारी फोफावतेच, आणि पुरावा काय तर 1930 च्या दशकातली अमेरिका, आयोवासारख्या शेतकरी राज्यात लोक बेकार झाले आणि बँका लुटायला लागले. पटकन पटतं, पण एकेक मुद्दा तपासला तर हातात काही उरत नाही.

आधी ते दरोडेखोर. त्या काळचा नामचीन बँक दरोडेखोर जॉन डिलिंजर, त्याच्या टोळीने 13 मार्च 1934 ला आयोवातल्या मेसन सिटी शहरातली बँक लुटली, सुमारे 52,000 डॉलर नेले, पोलिसांनी गोळ्या झाडू नयेत म्हणून ओलीस धरलेल्यांना गाडीच्या फुटबोर्डवर उभं करून पळाले, हे सगळं खरं. पण हा डिलिंजर एका किराणा दुकानदाराला लुटायला गेला आणि तुरुंगात पडला तो 1924 साली, सुटला मे 1933 मध्ये, म्हणजे मंदीची सुरुवातीची वर्षं आतच होता. त्याच काळातले दुसरे दोन दरोडेखोर घ्या, प्रिटी बॉय फ्लॉइडचा पगाराच्या रकमेवरचा दरोडा 1925 चा, क्लाइड बॅरोची पहिली अटक 1926 ची, आणि ज्याच्यानंतर मंदी आली तो शेअर बाजार कोसळला ऑक्टोबर 1929 ला. यांना मंदीने घडवलं असं कसं म्हणायचं? त्यांचं फावलं ते दुसऱ्याच गोष्टींमुळे, वेगवान गाड्या आल्या होत्या, राज्याची हद्द ओलांडली की मागचे पोलीस थांबायचे, बँक दरोडा केंद्र सरकारच्या कायद्याखालचा गुन्हा झाला तोच मुळी 1934 मध्ये.

दुसरं, "खुनांचा आलेख बघा, 1933 पर्यंत चढतोय". चढतोय, पण देशाच्या मृत्यू नोंदणीत सगळी राज्यं आली तीच 1933 ला, त्याआधीच्या वर्षांत जास्त खून होणारी राज्यं यादीत येत गेली, त्यामुळे त्या चढाचा बराच भाग नोंदणीचा आहे. शिवाय अमेरिकेत दारूबंदी डिसेंबर 1933 पर्यंत होती, चोरट्या दारूवरून पडणारे मुडदे बेकारीच्या खात्यात कशाला टाकायचे?

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, "शेतकरी हिंसक झाले". 27 एप्रिल 1933, आयोवातलं ले मार्स गाव. शंभराहून जास्त शेतकरी कोर्टात शिरले, जज ब्रॅडलींना म्हणाले शपथ घ्या की यापुढे जमीन जप्तीच्या कागदावर सही करणार नाही, ते नाही म्हणाले, तर त्यांना ओढत गावाबाहेर नेलं, गळ्यात दोर टाकला. जीव घेतला नाही, पण हा गुन्हाच होता, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही, गव्हर्नरने मार्शल लॉ म्हणजे लष्करी कायदा लावून नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे राखीव सैनिक, पाठवले ते उगाच नाही. पण म्हणून त्याला लुटालुटीच्या रांगेत बसवू नका. शेतमालाचे भाव पडलेले, गहाण जमिनी लिलावात चाललेल्या, आणि बऱ्याच ठिकाणी शेजारीपाजारी लिलावाला जमून काही सेंटची बोली लावायचे, बाहेरच्याला बोली लावू द्यायचे नाहीत, घेतलेली गुरं, अवजारं मूळ मालकाला परत करायचे. धाकदपटशा होता त्यात, हो, पण दुसऱ्याचं लुबाडायला नाही, शेजाऱ्याचं वाचवायला.

आणि "बेकारी वाढली की खून वाढतात" हे सरळ गणित तर पुढच्याच वर्षांत मोडतं. 1933 मध्ये बेकारी 25 टक्क्यांच्या आसपास होती आणि देशात लाखामागे साधारण 9.7 खून. 1937-38 मध्ये पुन्हा मंदी आली, बेकारी परत 19 टक्क्यांच्या घरात गेली, तरी खुनांचं प्रमाण उतरतच राहिलं, 1940 ला 6.3 च्या आसपास आलं.