रेफ आंधळाच असतो: आयर्लंडात नव्याने आलेल्या पालकांसाठी

तर सगळ्यात आधी अभिनंदन. तुम्ही डब्लिनला आलात, घर मिळालं (मिळालं नसेल तर हा लेख सोडा आणि आधी ते बघा), पोरगं शाळेत जायला लागलं, आणि तिसऱ्याच आठवड्यात घरी येऊन म्हणालं की मला गॅलिक खेळायचंय. तुम्हाला आधी वाटलं की गार्लिक म्हणतंय, ब्रेडचं काहीतरी असेल. मग कळलं की हा इथला फुटबॉल, ज्यात बॉल हातात धरतात पण, लाथ पण मारतात, चार पावलं पळून झाली की एकदा जमिनीवर टप्पा द्यायचा किंवा पायाच्या चवड्यावरून उडवून परत हातात घ्यायचा, दांड्याच्या वरून गेला तर एक पॉइंट, खालून जाळीत गेला तर तीन. गावोगावी क्लब आहेत, शनिवारी सकाळी दहाला मैदान आणि पाऊस, दोन्ही हजर.

खेळ काय, कळेल हळूहळू. मला तीन वर्षं झाली, अजून सगळा कळला असं म्हणणार नाही. पण रेफरीशी (इथे त्याला 'रेफ' म्हणतात) कसं वागायचं हे मात्र पहिल्या शनिवारपासून यायला पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील हे कोण नवीन, गप्प उभे आहेत, तब्येत बरी नाही का यांची.

सुरुवात 'स्टेप्स, रेफ!' पासून करा. सोपं आहे आणि कधीही चालतं. नियम असा आहे की बॉल हातात घेऊन चार पावलं, किंवा चार पावलांना लागेल तेवढा वेळ. आता तेवढा वेळ म्हणजे किती हे कुणाला माहीत, म्हणजे तुम्ही कधीही ओरडलात तरी तुम्ही बरोबरच असता की नाही. रेफरी पाच मीटरवर उभा आहे, तुम्ही साठ मीटरवर, हातात कॉफी, डोक्यावर हूड, चष्म्यावर थेंब, आणि तरी पावलं तुम्हालाच नीट मोजता येतात हे ध्यानात ठेवा. समोरच्या टीमच्या पोराची पाच होतात. आपल्या पोराची साडेतीन.

दुसरं म्हणजे रेफरी कोण आहे हे विसरून जायचं. हे थोडं अवघड आहे, कारण तो बऱ्याचदा तुमच्या ओळखीचा असतो. ही सगळी हौशी मंडळी, खेळाडूंना पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर ८२ हजार लोकांसमोर ऑल-आयर्लंड फायनल, म्हणजे काउंटी (आपले जिल्हे म्हणा) विरुद्ध काउंटी स्पर्धेची फायनल, खेळलेला माणूस सुट्टी संपली की शाळेत शिकवायला जातो, केरी काउंटीचा डेव्हिड क्लिफर्ड, आजच्या घडीचा सगळ्यात भारी खेळाडू म्हणतात त्याला, तो शिक्षकच आहे. रेफरी तर त्याहून साधा माणूस. आठवडाभर नोकरी, शनिवार-रविवारी शिट्टी, हातात पडतो तो प्रवासखर्च. आणि गोलपोस्टजवळ पांढरे कोट घालून उभे असतात ते चार अंपायर, पॉइंट झाला की पांढरा झेंडा, गोल झाला की हिरवा, ते तो स्वतःच सोबत घेऊन येतो, कुणी मेव्हणा, कुणी शेजारी, कुणी जुना क्लबमेट. पाचजण एका गाडीतून उतरतात. आता तुम्ही म्हणाल बिचारे सुट्टी घालवून आलेत. चूक. एका गाडीतून पाच जण उतरले म्हणजे रस्त्यात काहीतरी ठरलेलं असणारच, असा विचार करायला शिका. आपल्याकडे गल्ली क्रिकेटला बॅटिंग करणाऱ्या टीमचाच पोरगा अंपायर असायचा आणि एलबीडब्ल्यू तर नसायचाच, त्या अनुभवातून आलेल्या माणसाला हे जड जाऊ नये.

आता पोराला काय शिकवायचं. इतिहासापासून सुरू करा, मुलांना इतिहास माहीत पाहिजे. १८८४ साली थर्लस गावातल्या एका हॉटेलात जीएए, म्हणजे हा खेळ चालवणारी संस्था, स्थापन झाली, आणि सुरुवातीच्या नियमांत एकमेकांना धरून आपटणं चक्क चालायचं, कुस्तीच म्हणा ना, दोनेक वर्षांत ते काढलं. कागदावरून काढलं. १९८३ ची डब्लिन विरुद्ध गॉलवे फायनल बघायची, चार जण बाहेर काढले, त्यातले तीन डब्लिनचे, आणि उरलेल्या बारा जणांनी कप जिंकला. पोराला सांगा, बघ बाळा, शिस्त पाळली असती तर पंधरा जणांनी जिंकावं लागलं असतं, त्यात काय मजा.

मग पडायला शिकवा. २०१५ च्या क्वार्टर फायनलला मोनाहनच्या खेळाडूने टिरोनच्या टिअर्नन मकॅनचे केस विस्कटले, म्हणजे आजी नातवाचे विस्कटते तसे, आणि हा गडी असा कोसळला की जणू मागून ट्रकने उडवलं. केस विस्कटणाऱ्याला रेड कार्ड. नंतर मकॅनला खेळाची बदनामी केली म्हणून आठ आठवड्यांची बंदी सुचवली गेली आणि मग ती उडाली पण. म्हणजे हिशोब बघा, खर्च शून्य. हेअर जेलचे पैसे तेवढे.

पाडायला पण शिकवा. २०१३, परत टिरोन आणि मोनाहन (या दोघांचं काय आहे देव जाणे), मोनाहनचा कॉनर मॅकमॅनस गोलकडे एकटा सुटलेला, शॉन कॅव्हानाने मागून येऊन त्याला सरळ मिठी मारून खाली घेतला. यलो कार्ड. गोल वाचला, टिरोन दोन पॉइंटने जिंकलं, टीव्हीवर तज्ज्ञ लाल होऊन ओरडत होते. पुढच्या वर्षीपासून अशा गोष्टींना ब्लॅक कार्ड आलं, आधी त्यात खेळाडू बदलायला लागायचा, २०२० पासून दहा मिनिटं बाहेर बसायचं. दहा मिनिटं बसायला मिळतं, पाणी पिता येतं, वाईट काय.

पण माझं सगळ्यात आवडतं २०१७ च्या फायनलचं. डब्लिन आणि मायो बरोबरीत, वेळ संपत आलेली, डब्लिनचा डीन रॉक फ्री किक घ्यायला उभा, आता किकने सगळं ठरणार. मायोचा ली कीगन, पाठीवर जर्सीत जे जीपीएसचं यंत्र असतं ना, खेळाडू किती पळाला ते मोजणारं, ते काढतो आणि बॉल मारता मारता रॉकच्या दिशेने फेकतो. फेकतो! बॉल तरी दांड्यावरून गेलाच. मायो एका पॉइंटने हरलं, १९५१ नंतर कप नाही त्यांच्याकडे, त्यामुळे माणूस हातात येईल ते फेकणार हे समजू शकतो मी. आणि लगेच पुढच्या किकआउटला, म्हणजे गोलकीपर बॉल परत खेळात आणतो तेव्हा, डब्लिनच्या फॉरवर्ड्सनी काय केलं, तर मायोच्या बॅक्सना एकेकाला धरून जमिनीवर लोळवलं, म्हणजे गोलकीपरने बॉल द्यायला कुणी उभंच नको. दोन्ही टीम संत. दुसऱ्या दिवशी सगळीकडे चर्चा कशाची, तर रेफरीने मॅच नीट हाताळली का.

एवढं करून रेड कार्ड मिळालंच तर घाबरायचं कारण नाही, इथली अपील व्यवस्था आपल्या तालुका कोर्टालाही लाजवेल. आधी एक कमिटी बंदी सुचवते, ती पटली नाही तर सुनावणीची कमिटी, मग अपिलाची कमिटी, आणि त्याच्याही वर लवाद. २०१५ ला डब्लिनच्या डिअर्मुइड कॉनोलीला मायोविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये रेड मिळालं, मॅच बरोबरीत सुटली म्हणून पुढच्या शनिवारी रिप्ले, आणि बंदीचं प्रकरण पायऱ्या चढत चढत लवादाकडे गेलं. तिथे शुक्रवारी रात्री सुरू झालेली सुनावणी मध्यरात्र उलटून गेली तरी चालू. पहाटे निकाल, बंदी रद्द, दुपारनंतर गडी मैदानात. ज्या रेफरीने कार्ड दाखवलं त्याने ते दोन सेकंदांत ठरवलं होतं, आणि ते बरोबर की चूक हे ठरवायला लवादाच्या तिघांना रात्रभर जागावं लागलं, आणि त्यांचंही एकमत नाही झालं, दोन विरुद्ध एक. तरी आंधळा कोण, रेफरी. याच कॉनोलीने २०१७ ला लाइन्समनला हात लावला तेव्हा मात्र बारा आठवडे घरी बसला, तेव्हा अपील केलं नाही. सगळे दिवस सारखे नसतात.

आता वाईट बातमी. २०२४ च्या शेवटी एका कमिटीने, जिम गॅव्हिन अध्यक्ष, डब्लिनचा जुना मॅनेजर, त्याने बरेच नियम बदलून घेतले आणि २०२५ च्या सीझनपासून आपल्यासारख्यांची पंचाईत झाली. रेफरीशी वाद घातला, फ्री (फाउलनंतरची किक) मिळालेल्या टीमला बॉल नीट हातात दिला नाही, उगाच लांब टोलवला, मुद्दाम वेळ काढला, की फ्री थेट ५० मीटर पुढे. आधी १३ मीटर जायची, म्हणजे शिवी घालणं परवडायचं, महागाईच्या मानाने. आता मैदानाच्या मध्यावर 'आह, रेफ' म्हणालात की बॉल तुमच्या गोलसमोर. वर अजून, तिथून नको असेल तर समोरच्याने तो गोलसमोर आखलेल्या ४० मीटरच्या कमानीबाहेर आणायचा, तिथून दांड्यावरून गेला की आता एकाऐवजी दोन पॉइंट. आणि रेफरीला काही विचारायचं तर फक्त कॅप्टनने. बाकी चौदा जणांनी काय करायचं, मनात ठेवायचं? त्यांना दीडशे वर्षांत सवय नाही हो त्याची.

मी टीव्हीवर बघितलं, शिट्टी वाजली की एवढाले सहा-सहा फुटी गडी, मान बैलासारखी, बॉल समोरच्याच्या हातात असा देतायत जसं हळदीकुंकवाचं वाण. पाया पडायचंच बाकी होतं. इथे वर्षानुवर्षं एक गाणं असायचं, की रग्बीवाले बघा रेफरीला सर म्हणतात, आपल्याला संस्कारच नाहीत, शाळेपासून शिकवलं पाहिजे, पोस्टर्स झाली, रिस्पेक्टच्या मोहिमा झाल्या, मॅचआधी हस्तांदोलनं झाली. संस्कार काही आले नाहीत. पन्नास मीटर आले आणि एका सीझनमध्ये सगळे सज्जन. म्हणजे राग अनावर व्हायचा वगैरे जे सांगायचे ना, तो चांगला आवरत होता, फक्त दर कमी होता.

खेळाडूंवर दर लागला पण प्रेक्षकांवर नाही, ही आपल्यासाठी अजून जमेची बाजू. यात आदर्श म्हणजे २०१० ची लेन्स्टर प्रांताची फायनल. लाउथने १९५७ पासून लेन्स्टर जिंकलेलं नाही, मीथच्या एका पॉइंटने पुढे, शेवटचे सेकंद, गोलसमोर गर्दी, आणि मीथच्या खेळाडूने बॉल हातात धरूनच रेषेपलीकडे टाकला. चालत नाही, पण रेफरीने गोल दिला. मॅच संपली. लाउथचे लोक मैदानात घुसले, मोठाली माणसं, रेफरीला ढकलतायत, मागे लागलीयत, पोलिसांनी कडं करून बाहेर काढला त्याला. गोल चुकीचा होता हे त्याने नंतर कबूल केलं, पण रिप्ले काही झाला नाही आणि कप मीथकडेच राहिला. त्याच्या मागे धावून लाउथला किती पॉइंट मिळाले ते स्कोअरबोर्डवर बघा. २०२५ ला मात्र त्याच लाउथने त्याच मीथला त्याच फायनलमध्ये हरवलं, म्हणजे गोल करून वगैरे, जुन्या पद्धतीने.

आणि २०२२ ला रॉसकॉमनमध्ये पोरांच्या एका मॅचला रेफरीवर हल्ला झाला, हॉस्पिटलात न्यावं लागलं त्याला. पोरांच्या मॅचला. इथे मला काही सल्ला सुचत नाही.

माझं सांगतो. मागच्या वर्षी आमच्या क्लबच्या छोट्यांची मॅच होती, या वयात स्कोअर पण कुणी अधिकृत ठेवत नाही, सगळे आईबाप मनात ठेवतात. रेफरी म्हणून क्लबचाच एक पोरगा, सोळा वर्षांचा असेल, शिट्टी त्याच्या गळ्यात नवी कोरी, दोरी पण लांब होती म्हणून दोन गाठी मारलेल्या. आपल्या लेकाविरुद्ध त्याने फ्री दिली आणि माझ्यातला साइडलाइनचा माणूस जागा झाला. मी ओरडलो. स्टेप्स पण ओरडलो आणि अजून पण एक-दोन गोष्टी ओरडलो, त्यातली एक मराठीत होती म्हणून वाचलो असं मला वाटलं. पोराने माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, कान तेवढे लाल झाले. गाठीशी चाळा करत राहिला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या पण नाही. मेंटॉर, म्हणजे इथे कोचला म्हणतात ते, तो माझ्याकडे आला, अतिशय गोड माणूस, आवाज चढवत नाही कधी, म्हणाला, तुझी नजर फार चांगली आहे असं ऐकलंय, आणि शिट्टी माझ्या हातात ठेवली. दोरीला दोन गाठी.

पाच मिनिटं कशीबशी गेली. बॉल कुठे, पाय कुठे, कोण कुणाला धरतंय, अठरा पोरं एका बॉलवर मोहोळासारखी, पावलं मोजायची म्हणजे कुणाची मोजायची, चार म्हणेपर्यंत बॉल तिसऱ्याकडे. मी एक फ्री दिली, का दिली हे अजून मला सांगता येणार नाही. मैदान एकदम शांत. आणि मग साइडलाइनवरून शुद्ध मराठीत आवाज आला, 'अरे ए, झोपलायस का, पाच झाल्या ना!'

बायको होती. नियमाने बॉल ५० मीटर पुढे न्यायला पाहिजे होता, पण मैदान पोरांचं, आखूड, तो थेट पार्किंगमध्ये गेला असता.