दाब वाढवला म्हणून वाफेतली उष्णता वाढत नाही

गळीत हंगाम तोंडावर आला की वाळवा, पलूस, कराड पट्ट्यातल्या कारखान्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो. मजकूर थोडक्यात असा: ‘स्टीम टेबलची कटकट सोडा. वाफ हा वायूच आहे, गेजवरचा दाब आणि तापमान वायूच्या सूत्रात घाला, सगळं निघतं. दाब जितका जास्त तितकी वाफेत उष्णता जास्त. रस तापवायला सुपरहीट वाफच उत्तम. आणि हिशेब अडलाच तर मोबाइलवर ॲप आहे.’ (स्टीम टेबल म्हणजे कुठल्या दाबाला वाफेचं तापमान, आकारमान, उष्णता किती ते देणारा तक्ता. वायूचं सूत्र म्हणजे दाब × आकारमान = वस्तुमान × स्थिरांक × तापमान. सुपरहीट वाफ म्हणजे त्या दाबाच्या उत्कलनबिंदूच्याही वर तापवलेली वाफ.) बॉयलरवर नव्याने लागलेली आणि डिप्लोमा करणारी पोरं हे खरं मानून चालतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

वायूचं सूत्र कमी दाबाला जवळपास बरोबर उत्तर देतं, आणि त्यामुळेच माणूस फसतो. १ बार निरपेक्ष (शून्यापासून मोजलेल्या) दाबाच्या कोरड्या संपृक्त वाफेचं, म्हणजे उकळत्या पाण्याइतक्याच तापमानाच्या, थेंब नसलेल्या वाफेचं, आकारमान सूत्राने किलोला १.७२ घनमीटर येतं, टेबलात १.६९४ आहे. दीड टक्क्याने कुणाचं काही बिघडत नाही. आता ४० बारला तेच करून बघा. सूत्र सांगतं ०.०६०४, प्रत्यक्षात असतं ०.०४९८. १०० बारला सूत्राचं उत्तर ०.०२७० आणि खरं आकारमान ०.०१८०, म्हणजे उत्तर थेट दीडपट. पाण्याचे रेणू एकमेकांना जोरात ओढतात. दाब वाढून ते जवळ आले की ही ओढ मोजावीच लागते आणि साध्या सूत्रात तिला जागाच नाही. याचा फटका कुठे बसतो? ओरिफिसवरून (नळीत बसवलेल्या छिद्राच्या चकतीवरून) प्रवाह काढताना घनतेचं वर्गमूळ लागतं. ४० बारच्या संपृक्त वाफेची घनता सूत्रातून घेतली तर सुमारे ९ टक्के वाफ हिशेबातच येत नाही. मग बगॅस (उसाचं चिपाड) जास्त का जळतं म्हणून फायरमनला बोल लावले जातात.

स्टीम टेबलमधले आकडे कुणी मनाने भरलेले नाहीत. १८४० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ रेन्योने पॅरिसमध्ये वाफेवर बारकाईने मोजमापं केली, १९२९ मध्ये लंडनला पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि आज उद्योगात चालतात ती समीकरणं १९९७ ची, ‘आयएपीडब्ल्यूएस’ या आंतरराष्ट्रीय संघटनेची, ‘आयएफ-९७’ नावाची. त्यांत पाणी आणि वाफेचे पाच विभाग पाडले आहेत. द्रवरूप पाण्याच्या एकट्या विभागाला ३४ पदांचं समीकरण लागतं. वाफेच्या विभागात आदर्श वायूचा भाग ९ पदांचा आणि त्यावरची दुरुस्ती ४३ पदांची. वायूचं सूत्र पुरेसं असतं तर ही ४३ पदं कुणी कशाला लिहिली असती?

आता दाब आणि उष्णता. मेसेजमधलं हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य. २ बारच्या कोरड्या संपृक्त वाफेची एन्थॅल्पी, म्हणजे वाफेतली एकूण उष्णता, किलोला २७०६ किलोज्यूल. १० बारला २७७७, ३० बारला साधारण २८०३. इथे ती कळस गाठते आणि मग उतरते: ६० बारला २७८४, १०० बारला २७२५. म्हणजे दाब पन्नासपट झाला तरी एकूण उष्णता एक टक्कासुद्धा वाढली नाही. रस उकळताना आपल्याला प्रामुख्याने लागतो तो अप्रकट उष्मा (तापमान न बदलता वाफेचं पाणी होताना सुटणारा), आणि तो तर दाबाबरोबर सतत घटतो. २ बारला २२०२, १० बारला २०१५, ४० बारला १७१३, १०० बारला १३१७. २२०.६४ बारला तो शून्य होतो, तिथे पाणी आणि वाफ असा भेदच उरत नाही. म्हणूनच इव्हॅपोरेटरच्या (रस आटवणाऱ्या भांड्यांच्या रांगेतल्या) पहिल्या बॉडीला टर्बाइनचा एक्झॉस्ट, म्हणजे काम करून बाहेर पडलेली कमी दाबाची वाफ, द्यायचा असतो. त्यात काटकसर नाही, शहाणपण आहे.

मग को-जनरेशनला (त्याच वाफेवर वीजही बनवायला) जास्त दाबाचे बॉयलर का बसवतात, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर: विजेसाठी. ५०० अंशांची वाफ घ्या. ६० बारला एन्थॅल्पी ३४२३, १०० बारला ३३७४. दाब वाढला आणि उष्णता कमी झाली! वायूच्या सूत्राप्रमाणे हे दोन आकडे सारखे यायला हवेत. पण हीच वाफ टर्बाइनमधून २ बारपर्यंत उतरली तर आदर्श स्थितीत मिळणारं काम किलोमागे सुमारे ८१० वरून ८७५ किलोज्यूलवर जातं. जादा दाबाची किंमत तिथे वसूल होते, साखर शिजवायच्या पॅनवर नाही.

सुपरहीटचंही असंच. २ बारची वाफ संपृक्त तापमानाच्या वर ३० अंश तापवली तर किलोमागे जेमतेम ६५ किलोज्यूल वाढतात, अप्रकट उष्म्याच्या तीन टक्के. बदल्यात रसाचा रंग वाढण्याचा आणि साखर उलटण्याचा (मोडून साध्या साखरा होण्याचा) धोका येतो. टर्बाइनला सुपरहीट हवंच, पाती ओल्या वाफेने झिजतात. रस तापवण्याआधी मात्र एक्झॉस्टवर पाणी मारून हे जादा तापमान उतरवतात.

गेजबद्दल थोडक्यात. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, टेबलाला आणि सूत्राला दोघांनाही निरपेक्ष दाब लागतो. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब सुमारे ०.९५ बार. गेजवर १ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दिसलं की खरा दाब १.९३ बारच्या आसपास आणि तापमान ११९ अंश. १ किलो हाच निरपेक्ष दाब धरला तर ९९ अंश येतात. वीस अंशांचा घोळ. (महाबळेश्वरला तर उघड्या भांड्यातलं पाणी साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं.) शिवाय संपृक्त वाफेत दाब ठरला की तापमान आपोआप ठरतं, त्यामुळे या दोन आकड्यांवरून वाफ किती ओली आहे ते कळत नाही. २ बारच्या वाफेत दहा टक्के पाणी असेल तर किलोमागे २२० किलोज्यूल गेले, आणि गेज, थर्मामीटर दोन्ही गप्प. कोरडेपणा वेगळा मोजावा लागतो.

ॲपला माझा विरोध नाही, एक्सेललाही नाही. पण वापरण्याआधी तपासा. आयएफ-९७ सोबत पडताळणीचे आकडे छापलेले आहेत. ३०० केल्विन आणि ३० बार घाला: एन्थॅल्पी ११५.३३१२७३ आली पाहिजे. ७०० केल्विन आणि ३०० बारला २६३१.४९४७४. नाही आली, तर ते ॲप काढून टाका आणि छापील टेबल उघडा.