जमीन भाड्याने, वीज दुसऱ्याची

महाराष्ट्रात एखादं गाव सौरग्राम झाल्याची बातमी आली की तिच्या खालच्या प्रतिक्रियांत आणि घरच्या ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं: ‘हे डेन्मार्कला जमतं. ते श्रीमंत, थोडके आणि शिस्तीचे. आपल्याकडे माणसं एकत्र येत नाहीत.’ पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली, तेव्हाही हेच वाचलं. श्रीमंतीचा आणि लोकसंख्येचा मुद्दा मी समजू शकतो. एकत्र न येण्याचा मुद्दा मात्र मला डेन्मार्कमध्ये बसून सहन होत नाही, कारण तो आपल्याच इतिहासाबद्दल खोटं बोलतो.

डेन्मार्क काही पुण्याईने इथवर आलेला नाही. १९७३ च्या तेलसंकटात या देशाची ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा आयात तेलावर होती. रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, दुकानांच्या पाट्यांचे दिवे विझवावे लागले. त्या भीतीतून १९७९ चा उष्णता पुरवठा कायदा आला. त्याने कोमूनना, म्हणजे इथल्या नगरपालिकांना, आपापल्या हद्दीतल्या घरांच्या उष्णतेचं नियोजन करायला लावलं आणि पुरवठादाराला नफा काढायला बंदी केली. वर्षाअखेर शिल्लक राहिली तर ती पुढच्या वर्षीच्या दरातून परत करायची, तूट आली तर पुढच्या दरात भरून काढायची. आज दोन तृतीयांश डॅनिश घरं फियेर्नवार्मेवर, म्हणजे एका केंद्रात पाणी तापवून ते नळांनी घरोघरी फिरवण्याच्या व्यवस्थेवर आहेत. लहान गावांतली बहुतेक केंद्रं ग्राहकांच्याच सहकारी संस्था आहेत. त्यांचा साचाही नवा नव्हता. पश्चिम युटलंडमधल्या येडिंगला शेतकऱ्यांनी १८८२ मध्ये पहिली सहकारी डेअरी काढली होती, तोच सहकाराचा साचा पुढे उष्णता केंद्रांच्या बॉयलरला लागला.

आपल्याकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमाराला प्रवरानगरला कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून साखर कारखाना उभा केला. त्यात बॉयलर होता, टर्बाइन होतं, बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, हे स्थानिक इंधन होतं. ‘एकत्र येत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी आधी या कारखान्याचं काय करायचं ते सांगावं.

डेन्मार्कच्या साम्सो बेटाचं उदाहरण नेहमी दिलं जातं आणि नेहमी अर्धंच दिलं जातं. १९९७ मध्ये अक्षय ऊर्जेवर स्वयंपूर्ण होण्यासाठीच्या सरकारी स्पर्धेत हे बेट निवडलं गेलं, पण बक्षीस म्हणून रोख रक्कम काही मिळाली नाही. चार हजारांच्या आसपास वस्ती, बटाट्याची शेती, एक कत्तलखाना होता तोही त्याच सुमाराला बंद पडलेला. सोरेन हर्मनसेन या स्थानिक माणसाने सभा घेतल्या आणि पहिली काही वर्षं मुख्यतः आक्षेप ऐकले. जमिनीवर १ मेगावॉटच्या ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या ९ शेतकऱ्यांच्या खासगी, तर २ छोट्या भागधारकांच्या. मग समुद्रात २.३ मेगावॉटच्या १० लागल्या. त्यांतल्या ५ कोमूनच्या, ३ खासगी गुंतवणूकदारांच्या, २ पुन्हा भागधारकांच्या. ज्यांच्या खिडकीतून चक्की दिसते त्यांचा हिस्सा त्या चक्कीत आहे, म्हणून विरोध मावळला. टीकाकार म्हणतात की बेटावरच्या मोटारी आणि फेरीबोटी तर डिझेलवरच होत्या. खरं आहे. समुद्रातल्या चक्क्या त्या डिझेलची भरपाई म्हणूनच लावल्या होत्या, आणि ते हिशेबात पहिल्यापासून उघड लिहिलेलं होतं.

मला चक्क्यांपेक्षा तिथली पेंढ्याची बॉयलर केंद्रं महत्त्वाची वाटतात, कारण ती आपल्या जास्त जवळची आहेत. ट्रानेब्यर्ग, ओन्सब्यर्ग आणि बालेन-ब्रुंडबी इथे गव्हाचा पेंढा जळतो. नॉर्डबीला लाकडाचे तुकडे आणि २,५०० चौरस मीटर सौर संग्राहक, म्हणजे उन्हाने पाणी तापवणारे पॅनल, आहेत. एका डॅनिश घराला वर्षाला साधारण १८,००० युनिट उष्णता लागते. पेंढ्यातून किलोमागे ४ युनिट मिळतात. नळातली आणि बॉयलरमधली गळती धरून एका घराला साडेसहा-सात टन पेंढा पडतो. पेंढा शेतकऱ्याकडून करारभावाने घेतात. ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला की गठ्ठा परत, कारण ओल्या पेंढ्याने भट्टीचं तापमान पडतं आणि धुराडं काजळतं. पेंढ्यात पोटॅशियम आणि क्लोरीन जास्त असतं. त्यामुळे राख कमी तापमानाला वितळून जाळीवर दगडासारखी चिकटते आणि नळ्या गंजतात. म्हणून लाकडाच्या बॉयलरमध्ये सरळ पेंढा घालून चालत नाही. जाळी हलती हवी, राख सतत निघायला हवी. निघालेली राख परत शेतात जाते.

आता विदर्भातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, बघा. वेचणी संपली की ती उपटून बांधावर जाळतात, आणि त्याच तालुक्यातल्या जिनिंगला, डाळमिलला, दूध संघाला वाफेसाठी बाहेरून कोळसा किंवा फर्नेस ऑइल येतं. पऱ्हाटी लाकडासारखी असल्यामुळे पेंढ्याइतकी त्रास देत नाही. अडचण गोळा करण्याची आहे. ती हलकी, पसरट, ट्रॉलीत मावत नाही, म्हणून शेतावरच कुट्टी करून मग न्यावी लागते. कुट्टीयंत्र, सुकवायला पत्र्याची शेड आणि वजनकाटा या तीन गोष्टी गावाच्या मालकीच्या असल्या तर भाव गावाला ठरवता येतो. त्या व्यापाऱ्याच्या असल्या तर व्यापारी ठरवतो.

घरातल्या चुलीचंही तसंच. भारत आपला सुमारे ६० टक्के एलपीजी आयात करतो. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. एक घनमीटर गॅस ४३० ग्रॅम एलपीजीचं काम करतो. गावोगावी बंद पडलेले घुमट दिसतात, त्याची कारणं साधी आहेत. जनावरं विकली गेली, उन्हाळ्यात पाणी आटलं, नळीत पाणी साचलं आणि ते काढायची तोटीच बसवली नव्हती. डेन्मार्कमध्ये शेतकरी मिळून मोठं गोबरगॅस केंद्र काढतात. टँकर गोठ्यातून शेणमूत्र नेतो आणि पचलेलं खत परत आणून टाकतो. एका घरची जनावरं कमी झाली म्हणून केंद्र बंद पडत नाही.

आणखी एक गोष्ट इथून उचलावी, ती म्हणजे साठवण. एरो बेटावरच्या मार्स्टल गावात ३३,००० चौरस मीटर सौर संग्राहक आहेत आणि ७५,००० घनमीटर पाण्याचा एक खड्डा आहे, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, वर तरंगतं उष्णतारोधक झाकण. उन्हाळ्यात तापवलेलं पाणी थंडीत वापरायचं. एक घनमीटर पाणी ५० अंशांनी उतरलं की ५८ युनिट उष्णता देतं. यात बॅटरीचा संबंधच नाही. झाकणाने मात्र त्रास दिला. वर पावसाचं पाणी साचलं, आतलं रोधक ओलं झालं आणि झाकण नवं करावं लागलं.

महाराष्ट्रातल्या गावाला गरम पाण्याचा खड्डा नको आहे, पण उंच टाकी आहेच. पाणीपुरवठ्याचा साडेसात अश्वशक्तीचा पंप रोज साडेचार तास चालला तर ३० युनिट लागतात. एक किलोवॉट पॅनल दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे ८ किलोवॉट पुरेत. टाकी दुपारी भरून ठेवली की रात्रीसाठी बॅटरी लागत नाही. पंपाला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग हळूहळू कमी-जास्त करणारं यंत्र, लावावं. पंप थेट सुरू केला तर क्षणभर सहापट प्रवाह ओढतो आणि ढग आला की बंद पडतो. जुलैत उत्पादन निम्म्यापर्यंत घसरतं, म्हणून ग्रिडची जोडणी तोडू नये. आणि हे ठेकेदाराकडून लेखी घ्यावं, की साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःही बंद होतो. तो दोष नाही, तारेवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून तसा बनवलेला असतो. भारनियमनात पंप हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर पहिल्यापासून घ्यायला हवा. शहरातल्या सोसायट्याही इथेच फसतात. गच्चीवर पॅनल लावतात, आणि वीज गेली की लिफ्टही बंद.

मी डेन्मार्कची बाजू घेतो म्हणजे इथलं सगळं बरोबर, असं नाही. १९९० च्या दशकात काही शे घरांच्या वस्त्यांना नैसर्गिक वायूवरची केंद्रं गळ्यात मारली गेली. घरं विरळ, नळ लांब, वाटेतच तिसरा हिस्सा उष्णता मातीत जायची. कर्ज मोठं, जोडणी सक्तीची. ती गावं देशातला सगळ्यात महाग दर भरत राहिली. त्यातून शिकलेला नियम असा, की पुरेशा घरांची लेखी नोंदणी झाल्याशिवाय खणायला सुरुवात नाही. आपल्याकडे बिहारमधल्या धरनईत उलटं झालं. २०१४ मध्ये १०० किलोवॉटचं सौर ग्रिड बाहेरून आणून बसवलं. नंतर सरकारी वीज स्वस्तात आली, बॅटऱ्या थकल्या, बदलायला निधी नव्हता, आणि शेवटी त्या जागी गुरं बांधली गेली. लोक एकत्र आले नाहीत म्हणून ते बुडालं नाही. दर, दुरुस्तीचा निधी आणि मालकी या तिन्ही गोष्टी गावाच्या हातात नव्हत्या.

म्हणूनच गावातली जमीन भाड्याने घेऊन शेतीपंपांसाठी सौर प्रकल्प उभारणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेकडे मी आनंदाने आणि काळजीने, दोन्ही नजरांनी बघतो. शेतीपंपाला दिवसा वीज मिळणं ही मोठी गोष्ट आहे. रात्री साप-विंचवात दारं धरायला जाणं थांबतं. पण गावाच्या वाट्याला येतं ते जमिनीचं भाडं, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. वीजखरेदीचा करार २५ वर्षांचा. एक मेगावॉटला साधारण दोन हेक्टर लागतात, म्हणजे अडीच लाख भाडं. तेवढ्याच जागेतून वर्षाला १६ लाख युनिट निघतात. युनिटला ३ रुपये धरले तरी ४८ लाख.

गावाने स्वतःच काढला तर? केंद्राच्या कुसुम योजनेच्या ‘अ’ घटकात ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटचा प्रकल्प शेतकरी, सहकारी संस्था आणि ग्रामपंचायतींनाही काढता येतो. खर्च चार कोटींच्या घरात. ६०० सभासदांनी २०,००० रुपये घातले की १ कोटी २० लाख भागभांडवल होतं. उरलेल्या २ कोटी ८० लाखांवर १० टक्के व्याज आणि १२ वर्षांची मुदत असेल तर वर्षाचा हप्ता ४१ लाख, म्हणजे देखभाल जाता हातात जवळपास काही नाही. ४ टक्के आणि २० वर्षं असेल तर साडेवीस लाख. डेन्मार्क आणि महाराष्ट्र यांच्यातला खरा फरक या दोन आकड्यांत आहे, माणसांच्या स्वभावात नाही. इथे फियेर्नवार्मेच्या कर्जाला कोमूनची हमी असते, म्हणून ते स्वस्त आणि लांब मुदतीचं मिळतं. आपल्या सरकारने साखर कारखान्यांना थकहमी दिली होती, आणि पुष्कळ ठिकाणी ती बुडाली. तेव्हा हमी द्यावी, पण नफाबंदीसह आणि दरवर्षी दर जाहीर करण्याच्या अटीसह. तोवर कृषी पायाभूत सुविधा निधीतली दोन कोटींपर्यंतच्या कर्जावरची ३ टक्के व्याजसवलत तरी घ्यावी. आणि पहिल्या वर्षापासून इन्व्हर्टरसाठी वेगळा निधी ठेवावा. दहा-बारा वर्षांनी ते बदलावेच लागतात, आणि बहुतेक सहकारी प्रकल्पांचा अंदाज तिथेच कोसळतो.

या देशाच्या संसदेसाठी मला मत नाही. पण घराला गरम पाणी देणाऱ्या संस्थेच्या सर्वसाधारण सभेत आहे, कारण तिथे नागरिकत्व विचारत नाहीत, जोडणी विचारतात. रेडिएटरमधून केंद्राकडे परत जाणारं पाणी ५५ अंशांनी गेलं तर मी बिलात जास्त भरतो, कारण तेवढ्याच उष्णतेसाठी केंद्राला दुप्पट पाणी पंपावं लागतं. ४० अंशांनी गेलं तर सगळ्यांचाच फायदा. म्हणून एक रेडिएटर पूर्ण उघडण्याऐवजी सगळे थोडे थोडे उघडे ठेवायचे, हे इथे प्रत्येक घराला ठाऊक असतं. इथल्या भाषेत, सणांत, विनोदांत मी अजूनही बाहेरचा आहे. त्या सभेत नाही. आणि ज्या गावात माझं नाव सातबारावर आहे, तिथल्या विजेबद्दल बोलण्याचा माझा हक्क काय, हे मला नीट सांगता येत नाही. आम्ही परदेशी गेलेल्यांनी गावाला देवळाच्या कळसासाठी, शाळेच्या कमानीसाठी पैसे पाठवले, पण गावाच्या कारखान्याचा भाग घेऊ का, असं फारसं विचारलं नाही. ‘आपली माणसं’ एकत्र येत नाहीत म्हणणाऱ्यांत आम्हीही भरपूर आहोत, आणि हे मला सगळ्यात जास्त सलतं.

डेन्मार्कमध्ये २००९ पासून एक नियम होता. नवी पवनचक्की लावणाऱ्याने किमान २० टक्के हिस्सा साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना मूळ किमतीला देऊ करायचा. २०२० मध्ये तो काढून शेजाऱ्यांना वार्षिक बोनस सुरू केला. माझ्या मते ते मागे टाकलेलं पाऊल आहे, कारण बोनस घेणारा माणूस हिशेबाच्या वह्या मागत नाही. महाराष्ट्रात आज गावागावात भाडेकरार होत आहेत. ग्रामसभेने ठराव देण्याआधी हाच २० टक्क्यांचा हिस्सा मूळ किमतीला मागावा, संचालक मंडळावर गावाची एक जागा मागावी, आणि दर महिन्याचं मीटर वाचन पंचायतीच्या फलकावर लावण्याची अट घालावी. करारावर सही झाल्यावर यातलं काहीही पुढची २५ वर्षं मागता येणार नाही.